न मरता स्वर्गात? हनोख, एलीया आणि मरियामाता

सांडोरकर

सणावारांच्या धाग्यावर परवा एक प्रतिसाद वाचला: ख्रिश्चन लोक येशूची आई मरिया न मरता सदेह स्वर्गात गेली असं मानतात, म्हणून १५ ऑगस्टला सण असतो. तिथे अवांतर नको, म्हणून हा वेगळा धागा. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, तेव्हा सविस्तर लिहितो.

आधी त्या वाक्याबद्दल. त्यातलं 'सदेह' बरोबर आहे. 'न मरता' मात्र कॅथलिक चर्चने कधीच ठरवून सांगितलेलं नाही. १ नोव्हेंबर १९५० रोजी पोप बारावे पायस यांनी रोममध्ये स्वर्गउन्नयनाचा सिद्धांत जाहीर केला. त्याआधी १९४६ मध्ये त्यांनी जगभरच्या बिशपांना पत्र पाठवून विचारलं होतं की तुमची आणि तुमच्या भाविकांची अशी श्रद्धा आहे का, आणि जवळजवळ सगळीकडून होकार आला. जाहीर झालेल्या वाक्याचा आशय असा: पृथ्वीवरची जीवनयात्रा पुरी झाल्यावर मरियेला देह आणि आत्म्यासह स्वर्गीय वैभवात घेण्यात आलं. 'मेल्यावर' असं त्यात नाही आणि 'न मरता' असंही नाही.

हे मुद्दाम केलेलं आहे. त्या काळी धर्मपंडितांत दोन पक्ष होते. मार्टिन ज्युजी या फ्रेंच अभ्यासकासारखे काहीजण म्हणत की पापाचं वेतन मरण आहे, मरिया तर जन्मपापापासून, म्हणजे आदामापासून सगळ्या माणसांना लागलेल्या पापापासून, मुक्त (हा सिद्धांत १८५४ चा), मग तिला मरण कशाला? दुसरा पक्ष मोठा होता. तो म्हणे, खुद्द येशू मेला, मग आईचं मरण नाकारायचं कारण काय? पोपनी वाक्य असं बांधलं की दोघांनाही ते मनापासून म्हणता यावं. पुढे २५ जून १९९७ ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी एका प्रवचनात ती मरण पावली असंच आपण मानतो हे स्पष्ट केलं. पण ते प्रवचन, सिद्धांत नव्हे.

न मरता नेले गेले असं ज्यांच्याबद्दल ख्रिस्ती परंपरा बायबलच्या आधाराने सांगते ते दोघेच, आणि दोघेही जुन्या करारातले.

पहिला हनोख. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा पाचवा अध्याय म्हणजे नुसती वंशावळ. अमुक इतकी वर्षं जगला, त्याला मुलं-मुली झाल्या, मग तो मरण पावला. आदाम ९३० वर्षं, शेथ ९१२, मथुशलह ९६९. प्रत्येकाच्या शेवटी तेच. मोठ्याने वाचून बघा, कानाला त्या वाक्याची सवय लागते. आणि सातव्या पिढीत हनोख येतो. वय ३६५, त्या यादीत सगळ्यात कमी. इथे ते ठरलेलं वाक्य येतच नाही. तो देवाबरोबर चालला आणि मग तो नव्हता, कारण देवाने त्याला नेलं. संपलं. कुठे नेलं, कसं नेलं, देहाचं काय झालं, एक अक्षर नाही.

दुसरा एलीया हा संदेष्टा. बायबलमधलं २ राजे हे पुस्तक, दुसरा अध्याय. इथे मात्र सगळं दिसतं. एलीया आणि त्याचा शिष्य अलीशा गिलगालहून निघतात, बेथेल, मग यरीहो, मग यार्देन नदी. गुरू प्रत्येक ठिकाणी अलीशाला म्हणतो, तू इथेच थांब. अलीशा म्हणतो, मी तुम्हाला सोडणार नाही. वाटेत दोनदा संदेष्ट्यांचे शिष्य अलीशाला गाठून विचारतात, आज तुझ्या धन्याला परमेश्वर नेणार हे ठाऊक आहे ना? तो म्हणतो, आहे ठाऊक, गप्प बसा. मला हा सगळा अध्याय त्या 'गप्प बसा'साठी आवडतो. नदी ओलांडल्यावर बोलत बोलत चालले असताना अग्नीचा रथ आणि अग्नीचे घोडे दोघांच्या मधे येतात आणि एलीया वावटळीतून वर जातो. चित्रांत तो नेहमी रथात बसलेला दाखवतात. मूळ मजकुरात रथ दोघांना वेगळं करतो आणि नेते ती वावटळ. मागे उरतो खाली पडलेला झगा.

आणि हाच एलीया, १ राजे १९ मध्ये, ईजबेल राणीच्या भीतीने रानात पळून जाऊन झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, परमेश्वरा, आता पुरे, माझा जीव घे. मरण मागणाऱ्याला ते मिळालं नाही.

माझं म्हणणं असं आहे की या कथा वाचताना आपण सगळे 'मरण चुकलं का?' या प्रश्नापाशी अडकतो. ख्रिस्ती श्रद्धेचा भर त्यावर नाही. देवाला माणसाचा देहही हवा आहे, नुसता आत्मा नव्हे, यावर आहे. मरणातून जाऊन नेला काय किंवा मरण टाळून नेला काय, देह टाकून दिलेला नाही. तुम्हाला काय वाटतं ते लिहा.

देहूकर

दादा, छान लिहिलंय. वाचताना साहजिकच तुकोबा आठवले. फाल्गुन वद्य द्वितीया, बीज. आमच्याकडे नांदुरकीच्या झाडाखाली त्या दिवशी दुपारी बारा वाजता फुलं उधळतात, तेव्हा अंगावर काटा येतो. सदेह वैकुंठगमन म्हणजे नेमकं तेच नाही का जे एलीयाचं? आणि मागे राहिलेल्या माणसांचं काय? जिजाईंचं दुःख आमच्या कीर्तनात येतं. तुमच्याकडे मागे राहिलेल्यांचं कुणी काही लिहिलंय का?

मैत्रेयी_पु

महाभारतात युधिष्ठिरही सदेह स्वर्गात जातो, कुत्र्याला सोडत नाही ती गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पण पुढचं पर्व फार कमी जण वाचतात. तिथे तो आकाशगंगेत स्नान करतो आणि मानवी देह सोडून दिव्य देह धारण करतो. म्हणजे देहासकट गेला तरी तोच देह शेवटपर्यंत टिकत नाही. ख्रिश्चन धर्मात याचं काय उत्तर आहे? हाडामांसाचं शरीर स्वर्गात करणार काय?

नगरी_माणूस

सांडोरकर, एलीया आणि हनोख यांच्याबद्दल पूर्ण सहमत. इब्री ११:५ मध्ये तर सरळच लिहिलं आहे की हनोखाला मरणाचा अनुभव येऊ नये म्हणून विश्वासामुळे लोकांतरी नेण्यात आलं. पण मरियेचं तसं नाही. आम्ही प्रॉटेस्टंट कुटुंबातले, चार पिढ्या नगरच्या मंडळीत (चर्चमध्ये). आमच्याकडे पहिला प्रश्न असतो, वचन कुठे आहे? मरियेचा शेवटचा उल्लेख प्रेषितांची कृत्ये, पहिला अध्याय: माडीवरच्या खोलीत इतरांबरोबर ती प्रार्थना करते आहे. त्यानंतर बायबल तिच्या अखेरीबद्दल गप्प आहे. जिथे वचन गप्प आहे तिथे १९५० साली सिद्धांत करायचा आणि तो मानणं बंधनकारक करायचं, हे आम्हाला पटत नाही. मरियेबद्दल आदर पूर्ण आहे. तो कमी समजू नये.

दुसरं, योहान ३:१३ मध्ये प्रभू स्वतः म्हणतो की स्वर्गातून उतरलेल्या मनुष्याच्या पुत्राशिवाय कोणी स्वर्गात चढून गेलेला नाही. ते वचन हनोख-एलीयाशी कसं जुळवायचं?

सांडोरकर

तिघांनाही थोडं थोडं.

देहूकर, वारकऱ्यांच्या श्रद्धेबद्दल तुम्हीच सांगावं, मी ऐकणारा. आमच्या बाजूने एवढं सांगतो की मरियेचं जे झालं ते तिच्या एकटीच्या थोरवीचं बक्षीस म्हणून शिकवत नाहीत. दर रविवारी मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) उभं राहून आम्ही विश्वासांगीकार म्हणतो, त्यात 'देहाचे पुनरुत्थान' यावर विश्वास ठेवतो असं येतं. तो माझ्या देहाबद्दल आहे, माझ्या आजीच्या देहाबद्दल आहे. सगळ्यांचं शेवटी जे व्हायचं ते मरियेचं आधी झालं, अशी शिकवण आहे.

मागे राहिलेल्यांबद्दल तुम्ही विचारलंत, त्याला बायबलमध्ये फार सुंदर उत्तर आहे. एलीया वर जाताना अलीशा ओरडतो, 'माझ्या बापा, माझ्या बापा! इस्राएलाचे रथ आणि स्वार!' आणि अंगावरची वस्त्रं फाडतो. सुतकात करतात तसं. गुरू मेला नाही हे डोळ्यांनी पाहूनसुद्धा. नंतर पन्नास माणसं तीन दिवस डोंगरदऱ्यांत एलीयाचा शोध घेतात, कुठे वाऱ्याने नेऊन टाकलं असेल म्हणून. अलीशाने आधीच नको म्हटलेलं असतं, पण ती इतकी गळ घालतात की तो संकोचून हो म्हणतो.

पण खरी गंमत अकरा अध्यायांनंतर आहे. २ राजे १३. आता अलीशा म्हातारा आहे, आजारी आहे, अंथरुणावर मरायला टेकला आहे. कसला रथ नाही, वावटळ नाही. इस्राएलचा राजा योवाश त्याच्याकडे येतो, त्याच्या तोंडावर वाकून रडतो आणि म्हणतो: 'माझ्या बापा, माझ्या बापा! इस्राएलाचे रथ आणि स्वार!' तीच हाक, शब्दाला शब्द. जो वावटळीत गेला त्याच्यासाठी जी हाक, तीच अंथरुणात मेला त्याच्यासाठी. लिहिणाऱ्याने हे उगाच केलेलं नाही. आणि त्याच अध्यायात पुढे अलीशाच्या कबरीत घाईघाईने टाकलेलं एक प्रेत त्याच्या हाडांना लागून जिवंत होतं. म्हणजे जो साधेपणाने मेला, त्याच्या हाडांतही देवाचं काम चालूच.

मैत्रेयीताई, तुमचा प्रश्न प्रेषित पौलाला करिंथच्या लोकांनीही विचारला होता. १ करिंथ १५ मध्ये तो म्हणतो की मांस आणि रक्त यांना देवाच्या राज्याचं वतन मिळू शकत नाही, आणि त्याच दमात म्हणतो की आपण सगळे मरणार नाही, पण सगळे बदलून जाऊ, निमिषात, शेवटच्या कर्ण्याच्या वेळी. युधिष्ठिराच्या स्नानाशी हे ताडून पाहण्यासारखं आहे खरं. फरक एवढाच दिसतो की पौल जुना देह सोडायला सांगत नाही. पेरलेला दाणा आणि उगवलेलं रोप असं नातं सांगतो. पुनरुत्थित येशूच्या हातांवर खिळ्यांचे वण राहिले होते, संशय घेणाऱ्या थोमा या शिष्याला ते दाखवले गेले. देह तोच होता, पण बंद दारं त्याला अडवत नव्हती.

नगरी, तुमचा आक्षेप खरा आहे आणि तो आमच्याच लोकांनी आधी घेतला आहे. चौथ्या शतकात सायप्रसमधल्या सलामीसचे बिशप एपिफानियस यांनी लिहून ठेवलं आहे की मरियेचा शेवट कसा झाला हे कोणालाच ठाऊक नाही. ती मेली की नाही, पुरली की नाही, शास्त्र सांगत नाही आणि मीही सांगणार नाही. पुढच्या शतकांत मरियेच्या अखेरीच्या कथा पसरल्या, तेव्हा त्यांचं एक पुस्तक 'गेलासियसचा आदेश' नावाच्या लॅटिन यादीत अप्रमाण ठरवलं गेलं. म्हणजे चर्चने त्या कथांवर डोळे झाकून विश्वास ठेवलेला नाही. तरी सण वाढत गेला. सम्राट मॉरिसने साधारण इ. स. ६०० च्या सुमारास १५ ऑगस्ट ही तारीख साम्राज्यभर लावून दिली. आम्ही म्हणतो की ही श्रद्धा कथांवर उभी नाही, कथा या श्रद्धेतून निघाल्या. तुम्हाला ते पुरेसं वाटणार नाही, मला कल्पना आहे.

योहान ३:१३ बद्दल: बहुतेक भाष्यकार तिथे 'स्वतःच्या अधिकाराने चढून गेला' असा अर्थ लावतात. हनोख आणि एलीया नेले गेले. मरियाही नेली गेली. येशू स्वतः चढून गेला. आमच्या शिकवणीत हा भेद पक्का आहे.

मीमांसा

एक वेगळी बाजू. ज्यू परंपरेत हनोखाबद्दल एकमत नाही. अकराव्या शतकातला राशी हा मोठा भाष्यकार म्हणतो की हनोख सज्जन होता पण मनाने कच्चा, सहज पापाकडे वळला असता. म्हणून देवाने त्याला वेळेआधी उचललं, म्हणजे मरण दिलं. 'देवाने नेलं' हे आपणही मेलेल्या माणसाबद्दल म्हणतोच की.

एलीयाचंही एक कोडं आहे. २ इतिहास २१ मध्ये यहूदा राज्याचा राजा यहोराम याला एलीयाचं पत्र येतं. राजे ग्रंथातला घटनाक्रम पाहिला तर तोवर एलीया वर गेलेला असायला हवा. म्हणून काही वाचक म्हणतात की वावटळीने त्याला फक्त दुसरीकडे नेलं. काही म्हणतात पत्र आधीच लिहून ठेवलं होतं. मला पहिला पर्याय सोपा वाटतो.

सांडोरकर

मीमांसा, राशीचा दाखला दिलात हे फार चांगलं झालं. पण एक विचारतो. त्या अध्यायात 'मग तो मरण पावला' हे वाक्य एवढ्या वेळा लिहिणाऱ्याने नेमकं एकाच ठिकाणी का गाळावं? साधं अकाली मरण असतं तर ते वाक्य तिथे जास्तच शोभलं असतं. पत्राचा मुद्दा अवघड आहे हे मान्य.

रेवदंडा

एलीयाचं नाव निघालंय तर आमच्या रायगडचं सांगायलाच हवं. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर खुणा आहेत. बेने इस्राएली लोक, म्हणजे आमच्या कोकणातले ज्यू, त्याला एलियाहू हन्नाबीची (संदेष्टा एलीयाची) जागा मानतात. त्यांच्या परंपरेत एलियाहू स्वर्गाकडे जाताना इथे टेकला, आणि त्या खुणा रथाच्या चाकाच्या आणि घोड्यांच्या टापांच्या. त्याला 'एलियाहू हन्नाबीचा टाप' म्हणतात. नवस बोलायला, नवस फेडायला माणसं येतात. पौष-माघाच्या सुमारास त्यांचा झाडांचा सण असतो, तेव्हा जास्त गर्दी. आता बरेचसे इस्रायलला गेलेत, पण तिकडून सुट्टीला आलेली कुटुंबंही वाट वाकडी करून येतात.

एलियाहूच्या नावाने मलिदा हा प्रसाद करतात, त्याचं ताट मी जवळून पाहिलंय. मधे भिजवलेले गोड पोहे, त्यात ओलं खोबरं, वेलची, वर सुका मेवा, भोवती फळं रचलेली. प्रार्थना हिब्रूत, मधेच मराठीत बोलणं, आणि प्रत्येकाच्या तोंडी 'एलियाहू हन्नाबी' असा पुकारा. लग्नाआधी, नव्या घरात शिरताना, आजारातून उठल्यावर, सगळ्याला मलिदा. जो मेलाच नाही तो येऊ शकतो, हाच त्यामागचा भाव. एका आजोबांनी मला सांगितलं होतं, मेलेल्याला बोलवायचं नसतं, पण एलियाहू हयात आहे.

प्राजक्त

रेवदंडा, हे अजिबात माहीत नव्हतं! पुढच्या वेळी अलिबागला गेलो की नक्की. धाग्याला वाचनखूण.

सांडोरकर, एक बाळबोध प्रश्न: मरियेची कबर कुठे आहे का?

अथेन्सवासी

नोकरीमुळे काही वर्षं ग्रीसमध्ये आहे, म्हणून इथलं लिहितो. इथे १५ ऑगस्ट म्हणजे उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा सण, सार्वजनिक सुट्टी, अर्धं अथेन्स गावाला रिकामं. पण ऑर्थोडॉक्स (पूर्वेकडच्या जुन्या चर्चचे) लोक त्याला मरियेची 'महानिद्रा' मानतात. ती मेली, याबद्दल त्यांच्या मनात शंका नाही. आधी १ ऑगस्टपासून चौदा दिवस उपवास असतो, मांस-मच्छी-दूध-अंडी बंद. रशिया, सर्बिया, जेरुसलेम वगैरे जुनं कॅलेंडर पाळणाऱ्यांकडे हाच सण २८ ऑगस्टला येतो.

सणाचं चित्र मला पहिल्यांदा कळलंच नव्हतं. मरिया खाटेवर झोपलेली, भोवती प्रेषित रडताहेत, आणि मागे उभ्या असलेल्या येशूच्या हातात कपड्यात गुंडाळलेलं एक बाळ. मला वाटलं बाळ येशू. शेजारच्या काकूंनी समजावलं, ते बाळ म्हणजे मरियेचा आत्मा. तिने त्याला जसं हातात घेतलं होतं तसं आता तो तिला घेतोय.

तिनोस बेटावर त्या दिवशी गेलो होतो. बंदरापासून टेकडीवरच्या चर्चपर्यंत चढाचा रस्ता, कडेला गालिच्याची पट्टी घातलेली, आणि तिच्यावरून बायका-माणसं गुडघ्यांवर, कोपरांवर सरपटत वर जात होती. एकीच्या पाठीवर तान्हं मूल होतं. बरोबर चालणारे नातेवाईक पाणी पाजत होते. आपल्याकडच्या लोटांगणाची आठवण न येणं अशक्य.

सांडोरकर

अथेन्सवासी, त्या बाळाच्या चित्राबद्दल लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. माझ्या मते मरियेच्या मरणाबद्दल इतकं हळुवार दुसरं कोणी काही काढलेलं नाही. पश्चिमेकडची चित्रं बहुधा आभाळाकडे बघतात. व्हेनिसच्या फ्रारी चर्चमधलं टिशियनचं मोठं चित्र (१५१६ ते १५१८) घ्या: खाली प्रेषित हात वर करून उभे, मधे लाल वस्त्रातली मरिया देवदूतांच्या ढगावर. पूर्वेकडचं चित्र खाटेपाशी थांबतं. श्रद्धा एकच, एकाने टोक धरलंय आणि दुसऱ्याने सुरुवात.

प्राजक्त, प्रश्न बाळबोध नाही, मुळाशी जाणारा आहे. कबर म्हणून दाखवतात ती मुख्य जागा जेरुसलेमची, जैतुनाच्या डोंगराच्या पायथ्याशी, किद्रोन ओढ्याच्या दरीत. रुंद दगडी पायऱ्या खोल खाली उतरतात आणि तिथे रिकामी कबर आहे. तुर्कस्तानात एफेससजवळ 'मरियेचं घर' दाखवतात. ते १८९१ साली शोधलं गेलं, एका जर्मन साध्वीला झालेल्या दर्शनांच्या वर्णनावरून.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे. जुन्या काळी संतांच्या अस्थींसाठी शहरं भांडत. एकाच संताचं डोकं दोन ठिकाणी दाखवलं जाई. बोट, दात, हाताचं हाड, जे मिळेल ते सोन्याच्या पेटीत. आणि मरियेच्या हाडांवर मात्र कोणत्याच मोठ्या शहराने हक्क सांगितला नाही. पूजेला ठेवले ते तिचे कपडे, तिचा पट्टा. इटलीत फ्लॉरेन्सजवळ प्राटोच्या कॅथेड्रलमध्ये तो पट्टा ठेवलेला आहे आणि वर्षातून पाच वेळा लोकांना दाखवतात. हा काही पुरावा नाही, नगरी लगेच म्हणतील, आणि त्यांचं बरोबर असेल. पण ही शांतता मला बोलकी वाटते.

त्या पट्ट्याच्या कथेत भारत आहे! मध्ययुगातल्या एका लॅटिन कथेत (लिहिणाऱ्याने ती येशूला कबरीत ठेवणाऱ्या अरिमथाईच्या योसेफाच्या नावावर घातली आहे) सगळे प्रेषित मरियेच्या अखेरीला ढगांवरून आणले जातात, एक थोमा सोडून. तो भारतात मिस्सा करत असतो. मिस्साची वस्त्रं अंगावर असतानाच त्याला उचलून जैतुनाच्या डोंगरावर आणलं जातं, आणि तेव्हाच त्याला मरियेचा देह वर जाताना दिसतो. तो हाक मारतो, वरून पट्टा पडतो. इतर प्रेषित म्हणतात, आम्ही तिला पुरलंय, तू नेहमीचाच संशयी. तो म्हणतो, कबर उघडा. कबर रिकामी. येशूच्या वेळी ज्याने सगळ्यात उशिरा विश्वास ठेवला, त्यालाच इथे सगळ्यात आधी कळतं. इतिहास म्हणून याला काही किंमत नाही. पण आपल्याकडच्या थोमाला मान देणारी ही कथा मला फार प्रिय आहे.

केडगावची

इतका वेळ नुसती वाचत होते. न मरता वर घेतलं जाणं हा माझ्यासाठी पुस्तकी विषय नाही. आमच्या मंडळीत लहानपणापासून शिकवलं गेलं की प्रभू कोणत्याही क्षणी येईल आणि विश्वासणारे मेघांत घेतले जातील. शाळेतून घरी आल्यावर आई दिसली नाही की छातीत धडधडायचं. सगळे गेले आणि मी राहिले, असं वाटून मी मागच्या अंगणापर्यंत धावत जायची. आई कपडे वाळत घालत असायची. आज चाळिशीतही कधी कधी फोन उचलला गेला नाही की तीच जुनी भीती क्षणभर येऊन जाते. विश्वास माझा आहे, पक्का आहे. पण मुलांना ही गोष्ट अशी सांगावी का, याबद्दल मनात फार घालमेल आहे.

नगरी_माणूस

केडगावची ताई, आमच्या मंडळीत हे असं शिकवत नाहीत. ख्रिस्त पुन्हा येणार हे आम्ही मानतो, पण आधी गुपचूप काहींना उचलून नेईल आणि बाकीचे संकटात राहतील, ही मांडणी फार अलीकडची आहे. जॉन नेल्सन डार्बी नावाच्या धर्मोपदेशकाने ती १८३० च्या दशकात मांडली आणि १९०९ च्या स्कोफिल्ड यांच्या टीपांच्या बायबलमुळे ती अमेरिकेत घरोघर पोचली. तिथून मिशनरी, सभा, पुस्तिका असं करत आपल्याकडे आली. मेघांत घेतले जाण्याचं ते वचन अठराशे वर्षं ख्रिस्ती लोकांनी या अर्थाने वाचलं नव्हतं. तुम्ही लहान असताना एवढं ओझं उचललंत याचं वाईट वाटतं.

सांडोरकर

केडगावची ताई, तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत. ज्या वचनाने तुम्ही घाबरलात ते मुळात कुणासाठी लिहिलं होतं ते बघा. १ थेस्सलनीका ४. त्या मंडळीतली काही माणसं वारली होती. मागे उरलेल्यांना काळजी लागली की प्रभू येईल तेव्हा आपण जिवंत असू, आपल्याला तो भेटेल, पण आपले मेलेले? ते मुकतील का? पौल त्यांना लिहितो की नाही, ख्रिस्तामध्ये मेलेले आधी उठतील, मग जिवंत उरलेले आपण त्यांच्याबरोबर मेघारूढ होऊन प्रभूला भेटायला घेतले जाऊ. 'त्यांच्याबरोबर' हा शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आणि शेवटी तो सांगतो, या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. घरी एकटं पडलेल्या मुलाला घाबरवायला नव्हे, सुतकात बसलेल्या घराला धीर द्यायला ते लिहिलं गेलं. मुलांना सांगायचं तर याच क्रमाने सांगा, आधी मेलेले, मग आपण, सगळे मिळून. सायबिणीचा (मरियामातेचा) सण आमच्या घरी असाच सांगतात.

केडगावची

सांडोरकर दादा, नगरी दादा, दोघांचे आभार. 'आधी मेलेले उठतील' हे इतक्या वेळा ऐकलंय, पण ते आमच्या बाबांबद्दल आहे असं कधी वाटलं नव्हतं. आज आईला वाचून दाखवते.

देहूकर

अलीशाचं वाचून रात्री झोप लागली नाही, हे सांगायला आलो. तीच हाक दोघांसाठी, हे फार मोठं आहे.

एक शेवटची शंका. हनोख आणि एलीया मेलेच नाहीत, तर ते आता कुठे आहेत? आणि त्यांना कधीच मरण नाही का?

सांडोरकर

देहूकर, यावर जुन्या ख्रिस्ती लेखकांनी पुष्कळ विचार केला आहे. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात दोन साक्षीदार येतात. शेवटच्या काळात ते भविष्य सांगतात, श्वापद त्यांना ठार मारतं, मोठ्या नगराच्या रस्त्यावर त्यांची प्रेतं पडून राहतात, साडेतीन दिवसांनी त्यांच्यात देवाचा श्वास शिरतो आणि ते मेघातून वर जातात. त्यांची नावं दिलेली नाहीत. पण बऱ्याच प्राचीन लेखकांनी ते हनोख आणि एलीयाच असं मानलं. इ. स. २०० च्या सुमाराला कार्थेजचा टर्टुलियन लिहितो की त्या दोघांचं मरण टळलेलं नाही, पुढे ढकललेलं आहे. आपल्या रक्ताने ख्रिस्तविरोधकाचा नाश करायला त्यांना राखून ठेवलं आहे. म्हणजे त्याच्या हिशेबाने तेसुद्धा मरणार, आणि मग उठणार. इतर काही भाष्यकार ते दोघे मोशे (मोझेस) आणि एलीया मानतात, कारण त्या साक्षीदारांना एलीयासारखा पाऊस थांबवण्याचा आणि मोशेसारखा पाण्याचं रक्त करण्याचा अधिकार आहे. मोशे तर मेला आणि पुरलाही गेला, फक्त त्याची कबर कुणाला ठाऊक नाही (अनुवाद ३४). रूपांतराच्या डोंगरावर (जिथे शिष्यांसमोर येशूचं रूप तेजस्वी झालं) येशूच्या दोन बाजूंना जे दोघे दिसले ते हेच: एक मेलेला, एक न मेलेला, आणि शिष्यांना दोघांत काही फरक दिसला नाही.

आता कुठे आहेत याबद्दल हनोखाच्या नावाचं एक आख्खं पुस्तक आहे. त्यात तो आकाशाचे दरवाजे, ताऱ्यांच्या वाटा आणि पडलेल्या देवदूतांचा तुरुंग बघून येतो. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चने ते बायबलमध्ये ठेवलं, म्हणून ते पूर्ण टिकलं. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत त्याचे अरामी भाषेतले तुकडे सापडले. नव्या करारातलं यहूदाचं पत्र त्यातलं एक वाक्यही देतं. त्याबद्दल इथे लिहायला लागलो तर धागा भरकटेल. पुढच्या रविवारनंतर वेगळा काढतो. मीमांसा, तुम्ही तिथे जरूर या, ज्यू बाजू तुमच्याकडूनच हवी आहे.